प्रार्थनेला बसताना शरीर कुठे ठेवायचं?

लोणावळ्याला आपण थांबतो ते चिक्कीसाठी, नाहीतर पावसाळ्यात भुशी धरणावर जाण्यासाठी. माणसाच्या श्वासाचा याच गावात किती बारकाईने अभ्यास झाला आहे, हे हमरस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम सुरू केलं. योग ही झाकून ठेवायची गूढ विद्या नाही, ती तपासून पाहता येते, असा त्यांचा आग्रह होता. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात काय घडतं ते त्यांनी उपकरणं लावून मोजलं, क्ष-किरण चित्रं घेतली आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. पुढे १९७०च्या दशकात पुण्यात सुरू झालेली एक ख्रिस्ती संस्थाही याच गावात येऊन स्थिरावली. ती म्हणजे फादर अँथनी डिमेलो या जेझुइट धर्मगुरूंची साधना इन्स्टिट्यूट. श्वासाकडे लक्ष द्यायला तिथेही शिकवत, पण प्रार्थनेसाठी.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शरीर’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हे दोन पत्ते आठवले. ख्रिस्ती माणूस आसन करून मग प्रार्थनेला बसतो, तेव्हा नेमकं काय करतो? चर्चला ते मान्य असतं का? ज्यांची ही परंपरा आहे त्यांना काय वाटतं? आणि मुख्य म्हणजे, त्याने प्रार्थनेत काही फरक पडतो का? हे प्रश्न घेऊन मी पाहायला गेले.

सतरंजीवरची सकाळ

लोणावळ्याच्या परिसरातलंच एक लहानसं साधनागृह. तपसाधना चालू होती. वसईहून आलेल्या दोघी मावश्या, नाशिकची एक परिचारिका, पुण्यात संगणकाचं काम करणारा तरुण, धर्मसंघात नुकत्याच आलेल्या काही मुली आणि शिकवायला साठीच्या घरातल्या एक सिस्टर, सुती साडीतल्या. चपला दाराबाहेर होत्या. आत बाक नव्हते. सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि समोर बुटक्या चौरंगावर समई, लाकडी क्रूस आणि उघडं बायबल होतं.

“सिस्टर, मला काय खाली बसायचं जमायचं नाही. गुडघे गेलेत,” वसईच्या थोरल्या मावशी म्हणाल्या.

“मग खुर्ची घ्या ना, मावशी. पाय जमिनीला पुरते टेकले म्हणजे झालं.”

खुर्ची आली, पण मावशींची उंची कमी, टाचा अधांतरी राहिल्या. सिस्टरांनी कोपऱ्यातल्या लाकडी विटा आणून एकेक पायाखाली सरकवली, मागे एक उशी दिली आणि कंबरेवर हलकेच हात ठेवून पाठ सरळ झाली का ते पाहिलं. हे सगळं होईपर्यंत बाकीचे गप्प बसून होते. सुरुवात त्यानंतरच झाली.

आधी सगळे उभे राहिले. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन हात बाजूने वर नेले, ताडासनात. मग कंबरेतून वाकणं, मग हातगुडघ्यांवर येऊन पाठ वरखाली करणं, मग वज्रासनातून कपाळ जमिनीला टेकवणं. मावशी यातलं जमेल तेवढं खुर्चीवरून करत होत्या. सिस्टर आसनाचं नाव एकदाच सांगत आणि मग लक्ष कुठे ठेवायचं तेवढंच बोलत: तळव्यांना जमीन कशी लागते आहे, खांदे कुठे आवळले आहेत, जबडा घट्ट मिटला आहे का. शेवटी शवासन. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “हा आपला शुक्रवार झाला. आता उजव्या कुशीवर वळा. घाईने उठू नका, रविवार हळूच येतो.” शुक्रवार म्हणजे येशूच्या मरणाचा, रविवार पुनरुत्थानाचा, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग सगळे बसले. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही, येतो तसा येऊ द्यायचा. आत येताना मनात ‘प्रभू’, बाहेर जाताना ‘ये’. लक्ष भरकटलं की स्वतःवर चिडायचं नाही, पुन्हा त्या दोन शब्दांवर यायचं. काही वेळाने ते शब्दही गळून पडले तर पडू द्यायचे. वीस मिनिटं दालनात पंख्याचा आवाज तेवढा होता.

त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचला गेला. अठरा वर्षं कमरेतून वाकलेली, वर बघताच न येणारी एक बाई सभास्थानात येते. येशू तिला जवळ बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती ताठ उभी राहते. वाचन संपल्यावर कुणाला काही बोलायचं असेल तर बोलावं असं सिस्टरांनी सुचवलं. मावशी म्हणाल्या, “चाळीस वर्षं भाजीची पाटी घेऊन लोकलने दादरला गेले. देवळातही वाकून, मान खाली घालूनच बसायची सवय. मघाशी हात वर केले तेव्हा वाटलं, देवासमोर असंही उभं राहता येतं की.”

चर्चच्या विसरलेल्या सवयी

ही सकाळ कुणाला परकी वाटेल. प्रत्यक्षात ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासात शरीर सतत हजर आहे. डॉमिनिकन संघाचे संस्थापक संत डॉमिनिक १२२१ साली वारले. त्याच शतकात कुणा अनामिकाने त्यांच्या प्रार्थनेच्या नऊ पद्धती लिहून ठेवल्या, आणि त्या नऊही शरीराच्या आहेत. कमरेतून वाकणं, जमिनीवर पालथं पडणं, पुन्हापुन्हा गुडघे टेकून उठणं, तळहात पुस्तकासारखे समोर उघडून उभं राहणं, दोन्ही हात क्रूसासारखे पसरणं, हात डोक्यावर जोडून बाणासारखं ताणून उभं राहणं, वाटेने चालता चालता प्रार्थना करणं. यातली बाणासारखी उभी आकृती योगवर्गातल्या कुणीही लगेच ओळखावी.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत, ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरचे संन्यासी बुटक्या आसनावर बसत, हनुवटी छातीकडे झुकवत आणि श्वासाच्या लयीवर येशूच्या नावाचा जप करत. चौदाव्या शतकात विद्वानांनी त्यांची टवाळी केली, हे बेंबीत आत्मा शोधणारे लोक आहेत म्हणाले. ग्रेगरी पालामास यांनी या संन्याशांची बाजू लढवली. परमेश्वराने मानवी देह धारण केला असेल, तर प्रार्थनेत देहाला दाराबाहेर कसं ठेवणार, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी त्यांच्या बाजूने कौल दिला.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ साली छापलं गेलं. त्यांनी साधकाला मोकळीक दिली आहे: गुडघे टेकून, पालथं पडून, उताणं पडून, बसून किंवा उभं राहून प्रार्थना कर. ज्या स्थितीत हवं ते सापडेल तिथेच थांब, उगाच बदलत बसू नकोस. पुढे त्यांनी श्वासाची एक पद्धतही सांगितली आहे. प्रभूची प्रार्थना घ्यायची आणि एका श्वासाला तिचा एकच शब्द म्हणायचा. दोन श्वासांच्या मधल्या अवकाशात त्या शब्दाचा अर्थ आणि ज्याला उद्देशून तो म्हटला त्याचा विचार, बाकी काही नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? पश्चिम युरोपात धर्मसुधारणेनंतर प्रवचनाला महत्त्व आलं, तासन्तास ऐकायचं म्हणून बसायला बाक आले, आणि उपासना हळूहळू कान आणि बुद्धीकडे सरकली. आपल्याकडे मिशनरी आले ते हे बाक घेऊनच. सामान्य भाविकाकडे शरीराची प्रार्थना म्हणून राहिलं ते गुडघे टेकणं, क्रूसाची खूण आणि जपमाळ.

त्या जपमाळेतही किती दडलेलं आहे, हे वैद्यकाने दाखवून दिलं. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधून ‘आवे मारिया’ची माळ म्हणायला लावली, एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर उतरला, आणि रक्तदाबातले चढउतार सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. म्हणण्याचा वेग आणि लांबीच अशी, की श्वास आपसूक लांबतो. वसईच्या घराघरांत संध्याकाळी जपमाळ म्हणणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.

पुण्यातली खटपट

ही हरवलेली बाजू परत आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात जुना आहे. कवी नारायण वामन टिळकांनी अभंगातून आणि भजनातून ख्रिस्तभक्ती मांडली आणि १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यांच्या विचाराने भारावलेले इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२०च्या दशकात ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम काढला, आधी नगरला, मग पुण्यात शिवाजीनगरला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नावाजलेले व्हेरियर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच आश्रमात. खाली बसून जेवण, खादी, भारतीय पद्धतीची उपासना हे तिथलं रोजचं जगणं होतं.

१९७२ साली हा आश्रम नव्याने उभा राहिला. रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन पंथांच्या धर्मभगिनी एकत्र राहू लागल्या. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी आणि शंकराचार्यांच्या अद्वैताचा सखोल अभ्यास केलेल्या सिस्टर सारा ग्रँट ही त्यातली ठळक नावं. ध्यान, भजन, उपनिषदांचं वाचन आणि पवित्र मिस्सा एका दिनक्रमात येऊ शकतात, हे त्यांनी जगून दाखवलं.

चर्चनेही काही दारं उघडली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्द्यांना रोमने मान्यता दिली. त्यातले बरेच शरीराचेच आहेत: चपला काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकवण्याऐवजी हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती. कागदावर किरकोळ वाटणारे हे बदल माणसाचं देवासमोरचं उभं राहणं-बसणंच बदलणारे होते.

शिवाजीनगरच्याच मॉडेल कॉलनीत १९७५ साली बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था उभी राहिली. वीट, खुर्ची, दोरी, पट्टा यांच्या आधाराने म्हाताऱ्या, आजारी माणसालाही आसनात आणण्याची त्यांची पद्धत जगभर गेली. मावशींच्या पायाखाली सरकलेल्या विटा तिथल्याच शिकवणीतल्या. सिस्टरांनी तसं स्वतःहून सांगितलं.

डिमेलोंनी काय केलं

डिमेलो मुंबईत १९३१ साली जन्मले. स्पेनमध्ये तत्त्वज्ञान आणि अमेरिकेत मानसशास्त्र शिकून आले. अनेक वर्षं इग्नेशियसच्या पद्धतीने तपसाधना घेताना त्यांना एकच तक्रार ऐकू येई. धर्मगुरू, सिस्टर, सगळे म्हणत की प्रार्थनेला बसलो की डोकंच चालू राहतं. १९७८ साली आलेलं त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक या तक्रारीवरचं उत्तर आहे. सुरुवातीचे पाठ देवाबद्दल बोलतच नाहीत. खांद्याला कपड्याचा स्पर्श जाणव, पाठीला खुर्चीचा, तळव्यांना जमिनीचा. नाकपुड्यांतून हवा जाते-येते ती जाणव. एका बौद्ध ध्यानशिबिराचा अनुभवही त्यांनी मोकळेपणाने सांगितला आहे. विचारांच्या गलबल्यातून बाहेर पडायला संवेदना हा सर्वांत जवळचा दरवाजा आहे, आणि गलबला शमल्यावर जे उरतं ते ऐकणं हीसुद्धा प्रार्थनाच, अशी त्यांची मांडणी.

तमिळनाडूत कावेरीकाठच्या शांतिवनमध्ये बीड ग्रिफिथ्स यांनी आणि बेल्जियममध्ये जाँ-मारी देशाने या बेनेडिक्टाइन संन्याशाने आपापल्या वाटेने हेच केलं. देशाने यांचं योग आणि ख्रिस्ती प्रार्थनेवरचं पुस्तक १९५६ सालचं, म्हणजे व्हॅटिकन परिषदेच्याही आधीचं. जॉन मेन यांनी मलायात एका स्वामींकडून मंत्रध्यान शिकून पुढे ‘मारानाथा’ या शब्दाचं ध्यान पाश्चात्त्य ख्रिस्ती माणसांना दिलं.

तीन हरकती

पहिली हरकत चर्चच्या आतून येते. १९८९ साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने ख्रिस्ती ध्यानाबद्दल पत्र काढलं. इतर धर्मांतल्या पद्धतींचा प्रार्थनेसाठी उपयोग होऊ शकतो हे त्यात मान्य केलं आहे. इशारा दिला आहे तो असा: शरीर सैलावल्यावर येणारी ऊब, शांतता, हलकेपणा यांनाच पवित्र आत्म्याचा स्पर्श समजू नका. १९९८ साली, डिमेलो वारल्यावर अकरा वर्षांनी, त्यांच्या लेखनातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असं त्याच विभागाने जाहीर केलं. या आक्षेपांचा मुख्य रोख नंतरच्या पुस्तकांवर होता. २०१८ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या धर्मसिद्धांत आयोगाने तर योग आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र नांदू शकत नाहीत असाच अहवाल दिला.

ऊब आणि कृपा यांत गल्लत करू नका, हा इशारा मला रास्त वाटतो. सिस्टरही तेच वेगळ्या शब्दांत सांगतात: “छान वाटलं का, हे मी विचारत नाही. घरी गेल्यावर सुनेशी कशी बोललात, ते पुढच्या वेळी सांगा म्हणते.”

दुसरी हरकत योगाच्या घरातून येते. आश्रम, भगवी वस्त्रं, ओंकार हे सगळं धर्मप्रसारासाठी पांघरलेलं आहे, असा आरोप सीताराम गोयल यांनी १९८०च्या दशकात पुस्तक लिहून केला होता. उलट टोकाला अमेरिकेत ‘प्रेझमूव्ह्ज’सारखे उपक्रम आहेत. ते योगाला नाकारतात आणि आसनांसारख्याच शरीरस्थितींना बायबलच्या वचनांची जोड देतात. पुण्यातल्या एका ज्येष्ठ योगशिक्षिकेशी बोलले, तेव्हा त्यांनी साधं सांगितलं: “शिकायला कुणीही यावं. पतंजलींनी ईश्वरप्रणिधान सांगितलं, ईश्वर कोणता ते लादलं नाही. पण आमच्याकडून घेतलं हे सांगा. नाव पुसू नका.” हे मी सिस्टरांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच मी सूर्यनमस्काराचे मंत्र बदलून त्यात येशूचं नाव घालत नाही. ते ज्यांचे आहेत त्यांचे राहू देत. आसन शिकवते तेव्हा ते योगातलं आहे हे पहिल्याच दिवशी सांगते.”

तिसरी हरकत सर्वांत कमी ऐकली जाते आणि मला ती सर्वांत खोल वाटली. अहिल्यानगर जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. ते म्हणाले, “आमच्या पणजोबांना देवळाची पायरी चढू देत नव्हते. ख्रिस्ती झाल्यावर बाकावर सगळ्यांच्या शेजारी बसायला मिळालं. आता शहरातले लोक म्हणतात, बाक काढा, समई लावा, संस्कृत म्हणा, हेच खरं भारतीय. आम्हाला कुणी विचारलं?” दलित ख्रिस्ती विचारवंतांनी ही टीका अनेक वर्षं मांडली आहे. भारतीय म्हणजे केवळ उच्चवर्णीय परंपरा असं धरून चाललं, तर ज्यांनी तीच उतरंड सोडली त्यांना प्रार्थनेतही पुन्हा पायरीखाली उभं केल्यासारखं होतं.

त्याच शिक्षकांनी मला गावातलं भजन ऐकवलं. टाळ, मृदंग, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गाणी, माना डोलणाऱ्या, पाय ठेका धरणारे. दर सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला लोक पायी जातात तेव्हाही शरीरच प्रार्थना करत असतं. ताडासन न शिकलेली ही माणसं देहाने प्रार्थना करण्यात कुणाच्याही मागे नाहीत. शहरी साधनागृहांनी शिकवायला निघण्याआधी हे पाहायला हवं.

शिकवताना काय जपतात

साधनागृहातले नियम मी विचारून घेतले, कारण प्रत्यक्षात सगळं त्यांवरच उभं आहे. श्वास रोखण्याचे प्रकार तिथे शिकवत नाहीत. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं. डोकं खाली जाणारी आसनं वयस्कांना देत नाहीत. कुणालाही हात लावून ढकलत नाहीत, आधार द्यायचा तरी आधी विचारतात. आसनं अर्ध्या तासाच्या वर जात नाहीत, नाहीतर लोक व्यायामालाच येऊ लागतात. त्यानंतर शांत बसणं, मग शुभवर्तमान, मग बोलणं, या क्रमात फेरबदल नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम मौनाबद्दलचा आहे. शरीर सैलावलं की दाबून ठेवलेलं दुःख वर येतं. पती गमावलेली एखादी बाई शवासनात हुंदके देऊ लागते, कुणाला जुनी मारहाण आठवते. अशा वेळी “देवावर सोडा” म्हणून पुढे जायचं नाही, असं सिस्टर बजावतात. एकजण त्या व्यक्तीला बाहेर घेऊन जातो, पाणी देतो, ऐकतो, आणि गरज असेल तर समुपदेशकाकडे पाठवतो. ही तयारी नसलेल्यांनी गटाला तासन्तास मौनात बसवू नये.

हे सगळं पाहून-ऐकून माझं मत पक्कं झालं आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत योगाने नवं काही घुसवलेलं नाही. तिच्याच घरातून हरवलेलं शरीर परत आणायला त्याने मदत केली, आणि ही मदत उघडपणे मान्य करण्यात ख्रिस्ती श्रद्धेचं काहीही कमी होत नाही. तेव्हा धर्मग्रामांना एक विनंती. बाक काढू नका. त्यांच्यामागे एखादा कोपरा मोकळा करा, सतरंजी अंथरा, दोन खुर्च्या आणि चार लाकडी विटा ठेवा. जाणत्या योगशिक्षकाला बोलवा, मग त्याचा धर्म कोणताही असो, आणि त्याची परंपरा तिच्या नावाने सांगा. भजनी मंडळालाही त्याच कोपऱ्यात जागा द्या. आणि येणाऱ्या प्रत्येकाला, खाली बसता येवो न येवो, पाय जमिनीला टेकतील अशी जागा मिळते आहे ना, ते आधी पाहा.